आउटबोर्ड इंजिनाचे अडकलेले कव्हर कसे काढावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वरचे कव्हर नेमके कशाने धरलेले असते?

बोटीच्या मागच्या फळीला टांगलेल्या इंजिनाचा वरचा भाग ज्या फायबरच्या किंवा प्लॅस्टिकच्या टोपाने झाकलेला असतो, त्यालाच आपण कव्हर म्हणतो. ते खालच्या बैठकीवर बसते आणि दोहोंच्या मध्ये रबराचे जाड सील असते. लहान इंजिनांत बहुधा एका बाजूला खटका आणि समोरच्या बाजूला आकडा अशी रचना असते. मोठ्या इंजिनांत दोन किंवा अधिक खटके असतात. खटक्याची दांडी फिरवली की तिला जोडलेला छोटा दांडा बैठकीच्या भोकातून आत फिरतो आणि त्याच्या टोकाचा हूक कव्हरच्या आतल्या कडीतून सुटतो. हूक लागलेला असताना कव्हर खाली ओढले जाऊन सील दाबले जाते, त्यामुळे पाणी आत शिरत नाही.

ही रचना समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण संपूर्ण कव्हर अडकले आहे असे जे वाटते ते क्वचितच खरे असते. अडकलेला असतो तो खटक्याचा दांडा, किंवा चिकटलेले असते ते सील, किंवा न सुटलेला असतो तो दुसऱ्या बाजूचा आकडा. या तिघांपैकी दोषी कोण हे ठरवण्याआधी जोर लावला, तर तुटते ते बहुधा चौथेच काहीतरी.

काम सुरू करण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?

इंजिन बंद करून किल-स्विचची (इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढून घ्यावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, बॅटरी असल्यास तिची जोडणी सोडवावी आणि टाकीकडून येणारी पेट्रोलची नळी इंजिनापासून वेगळी करावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानालाही ती पेट घेण्याइतकी तयार होते. आतली एखादी नळी गळत असेल तर ती वाफ बंद कव्हरखालीच साचून राहते, आणि कव्हर निघत नसल्यामुळे ती गळती तुम्हाला दिसलेली नसते. म्हणून विडी, सिगारेट, लायटर आणि ठिणग्या उडवणारे ग्राइंडर या कामापासून दूर ठेवावे.

खटका फिरतो, पण कव्हर उठत नाही. असे का होते?

पहिली शक्यता अगदी साधी असते: दुसरा खटका राहिला आहे. नव्याने घेतलेल्या, विशेषतः जुन्या बाजारातून आणलेल्या इंजिनात मागच्या बाजूचा किंवा हँडलखाली झाकला गेलेला खटका लक्षात येत नाही. दुसरी शक्यता अशी की, आकड्याकडची बाजू आधी उचलण्याचा प्रयत्न चालला आहे. ज्या इंजिनात एका बाजूला आकडा असतो, तिथे खटक्याकडची बाजू आधी वर उचलावी लागते आणि मग कव्हर थोडे सरकवून आकडा सोडवावा लागतो. दोन्ही बाजूंनी एकदम सरळ वर ओढल्यास आकडा आणखी घट्ट धरतो.

तिसरी शक्यता सीलची. रबर उन्हाने तापते, पेट्रोल आणि टू-स्ट्रोक तेलाच्या संपर्काने फुगते, आणि बराच काळ दाबून राहिल्यास रंगाला अक्षरशः डकवल्यासारखे बसते. केरळ आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर अनेक इंजिने रॉकेलवर चालवली जातात. त्यांच्या कव्हरखाली साचणारा तेलकट राप सीलला आणखी चिकट करतो. अशा वेळी कव्हरच्या दोन्ही बाजूंना तळहात टेकवून ते आळीपाळीने डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे हलवावे. कडेच्या फटीत सिलिकॉन स्प्रे मारून काही मिनिटे थांबावे. जिथे फट सरळ आणि मोकळी असते, तिथे मासेमारीचा तंगूस दोन हातांत ताणून धरून सील आणि बैठक यांच्या मधून करवतीसारखा ओढता येतो. तंगुसाने रंगालाही ओरखडा पडत नाही, म्हणून पत्र्याच्या पट्टीपेक्षा तो कधीही बरा.

चौथी शक्यता मात्र जरा त्रासाची आहे. बाहेरची दांडी फिरते, पण आतला हूक तिच्याबरोबर फिरत नाही, कारण दोघांना जोडणारी पिन किंवा बोल्ट तुटलेला असतो, किंवा प्लॅस्टिकची दांडी दांड्यावर गुळगुळीत फिरू लागलेली असते. दांडी फिरवताना काहीच विरोध जाणवत नसेल, तर हाच दोष समजावा; त्याचा उपाय पुढे दिला आहे.

खटका जागचा हलतच नाही. आधी काय करावे?

आधी सीलचा ताण काढावा. दुसऱ्या माणसाला खटक्याच्या बरोबर वरच्या भागावर दोन्ही तळहातांनी कव्हर खाली दाबायला सांगावे आणि त्याच क्षणी तुम्ही खटका फिरवावा. फुगलेले सील हुकाला सतत वर ओढत असते. कव्हर दाबले की हुकावरचा तो भार उतरतो आणि पुष्कळदा खटका सहज फिरतो. या उपायाला तेल, पाना, पैसा यांपैकी काहीच लागत नाही, तरी तो सगळ्यात शेवटी आठवतो याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

एवढ्याने काम झाले नाही, तर दांडा भोकात धरला गेला आहे असे समजावे. बैठक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आणि दांडा बहुधा स्टेनलेस स्टीलचा असतो. हे दोन धातू खाऱ्या पाण्याने ओले होऊन एकमेकांना भिडले की एक प्रकारचा विद्युतघट तयार होतो आणि त्यात झिजते ते ॲल्युमिनियम. झिजलेल्या ॲल्युमिनियमची जी पांढरी भुकटी होते, ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते. भोकात मोकळी जागा अशी नसतेच, त्यामुळे ती भुकटी दांड्याभोवती पाचर मारल्यासारखी ठासून बसते. दोघांच्या मध्ये प्लॅस्टिकचे बुश, म्हणजे नळीसारखे अस्तर, असले तरी ते झिजल्यावर किंवा त्यातले ग्रीस सुकल्यावर परिणाम तोच होतो.

खटक्याच्या मुळाशी आधी गोडे पाणी भरपूर ओतावे, शक्य तर कोमट. मीठ पाण्यात विरघळते, तेलात नाही. त्यामुळे मिठाचे खडे तसेच ठेवून वर तेल मारण्यात अर्थ नसतो. पाणी सुकू द्यावे आणि मग गंज सोडवणारे तेल नळीच्या टोकाने थेट दांड्याच्या कडेला सोडावे. इंजिन थोडे तिरके करून दांड्याची बाहेरची बाजू वर येईल असे ठेवता आले, तर तेल आपोआप आत उतरते. तासाभराने पुन्हा तेल सोडावे, आणि घाई नसल्यास रात्रभर तसेच राहू द्यावे.

दुसऱ्या दिवशी दांडी उघडण्याच्या दिशेने एकदम ओढू नये. आधी बंद करण्याच्या दिशेने किंचित, मग उघडण्याच्या दिशेने किंचित, असे केसभर अंतराने हलवत राहावे आणि प्रत्येक वेळी थोडे तेल द्यावे. लाकडी मोगरीने दांड्याच्या डोक्यावर हलके ठोके दिल्यास कंपनाने भुकटीचा थर फुटतो आणि तेलाला वाट मिळते. हलके म्हणजे खरोखर हलके; इथे ठोक्याची ताकद नव्हे, ठोक्यांची संख्या कामी येते. लांब पाईप लावून दांडीवर जोर देण्याचा मोह टाळावा, कारण दांडी बहुधा ॲल्युमिनियमच्या ओतकामाची किंवा प्लॅस्टिकची असते आणि ती वाकत नाही, थेट मोडते.

कोणते तेल वापरावे? रॉकेल, डिझेल किंवा ब्रेक ऑइल चालेल का?

गंज सोडवण्यासाठी म्हणून विकले जाणारे पातळ तेल सगळ्यात चांगले. डब्ल्यूडी-४० गावोगावी मिळते आणि बऱ्याचदा त्याने कामही होते. मात्र १९५३ साली ते मुळात पाणी हटवण्यासाठी तयार केले गेले होते, हे ध्यानात ठेवावे. खटका सुटल्यावर वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नये, कारण त्याचा थर पातळ असतो आणि खाऱ्या वाऱ्यात फार काळ टिकत नाही.

रॉकेल किंवा डिझेल हळूहळू आत झिरपते आणि दुसरे काही हाताशी नसेल तर चालते, परंतु ते सीलवर ओघळू देऊ नये, कारण त्याने रबर फुगते. ब्रेक ऑइल वापरूच नये. ते रंग उपटून काढते आणि उघड्या पडलेल्या ॲल्युमिनियमवर पुढच्याच हंगामात पांढरे फोड येतात. गिअरचे तेल आणि ॲसिटोन यांच्या मिश्रणाची शिफारस काही मेकॅनिक करतात. लोखंडी बोल्टांसाठी ते ठीक असेलही, पण कव्हरच्या रंगावर किंवा प्लॅस्टिकवर ॲसिटोन पडल्यास डाग कायमचा राहतो आणि त्याची वाफही पटकन पेट घेते. पेट्रोल ओतणे तर कोणत्याही सबबीवर नको.

उष्णता दिली तर फायदा होतो का?

होतो, पण ज्योतीची उष्णता इथे चालत नाही. एक मीटर लांबीची पट्टी १०० अंशांनी तापवली, तर ॲल्युमिनियम सुमारे २.३ मिलिमीटर वाढते आणि स्टेनलेस स्टील सुमारे १.७ मिलिमीटर. म्हणजे दोन्ही भाग तापल्यावर ॲल्युमिनियमचे भोक स्टीलच्या दांड्यापेक्षा थोडे अधिक मोठे होते. खटक्याच्या दांड्याएवढ्या जाडीवर हा फरक मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतकाच असतो, तरी तापणे आणि निवणे यांच्या येरझाऱ्यांत भुकटीच्या थराला तडे जातात, आणि खरा फायदा त्याचाच असतो.

यासाठी उकळते पाणी पुरते. जाड फडके खटक्याच्या मुळाशी गुंडाळून त्यावर किटलीने पाणी ओतत राहावे, निवू द्यावे, पुन्हा ओतावे आणि मग तेल द्यावे. ब्लो-लॅम्प, गॅसची शेगडी किंवा वेल्डिंगची ज्योत बंद कव्हरजवळ नेणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. हॉट-एअर गनच्या आतली तार लालबुंद होते, त्यामुळे पेट्रोलचा वास येत असेल तर तीही वापरू नये.

कडेला स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटले तर?

कव्हर निघेल, पण फुटून. फायबरची कड एका जागी दाबली गेली की तिथे बारीक चीर पडते आणि इंजिनाच्या थरथरीने ती वाढत जाते. शिवाय स्क्रू-ड्रायव्हरचे टोक आधी सील फाडते आणि मग बैठकीचा रंग खरवडते. नवे कव्हर महाग असते, आणि जुन्या मॉडेलचे तर शोधूनही सापडत नाही. अगदीच फट वाढवायची झाली तर लाकडाच्या किंवा नायलॉनच्या पातळ पाचरी दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी, थोड्या थोड्या सरकवाव्या. आणि तेही सगळे खटके सुटल्याची खात्री झाल्यावरच.

दांडी मोडली किंवा आतला हूक फिरत नाही. आता आत हात कसा घालायचा?

दांडी मोडून दांड्याचे टोक बाहेर उरले असेल तर काम सोपे आहे. लॉकिंग पक्कड त्यावर घट्ट बसवावी आणि वर सांगितल्याप्रमाणे केसभर पुढे-मागे हलवावे. टोकच उरले नसेल, तर बैठकीतून केबल, पेट्रोलची नळी किंवा गिअरची सळी आत जाते ती रबरी चकती पाहावी. ती काढल्यावर काही इंजिनांत बोटभर जागा मिळते आणि टॉर्चच्या उजेडात हूक दिसतो. वाकवलेल्या जाड तारेने किंवा लांब स्क्रू-ड्रायव्हरने तो ढकलता येतो. मोठ्या इंजिनांत खालच्या अंगाला बाजूची झाकणे असतात. ती बाहेरच्या स्क्रूंनी बसवलेली असल्यास आधी तीच काढून खालून वाट शोधावी. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतील सुट्या भागांचे चित्र या टप्प्यावर फार उपयोगी पडते, कारण हूक कोणत्या दिशेला फिरून सुटतो हे त्यात दिसते.

यातले काहीच शक्य नसेल तर दांड्याचे डोके ड्रिलने पोखरून काढणे हा शेवटचा मार्ग. हे काम किनाऱ्यावर, पेट्रोलची नळी आणि बॅटरी पूर्णपणे वेगळी करून, कव्हरखाली साचलेली वाफ निघून जाण्यासाठी बराच वेळ मोकळ्या हवेत ठेवल्यावर, हाताने फिरवायच्या किंवा हवेवर चालणाऱ्या ड्रिलने आणि भोकावर तेल सोडत करावे. धातूचा चुरा आत पडणारच; कव्हर निघाल्यावर तो चुंबकाने उचलता येईल असे समजू नका, कारण ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही आणि स्टेनलेस स्टीलचे अनेक प्रकारही चिकटत नाहीत. तो ब्रशने आणि हवेने बाहेर काढावा लागतो. हे काम स्वतः करण्यापेक्षा मेकॅनिकला देणे मी अधिक शहाणपणाचे मानतो.

समुद्रात इंजिन बंद पडले आणि कव्हर उघडत नाही. काय करावे?

आधी नांगर टाकावा आणि सर्वांनी लाइफ जॅकेट घालावे. मग कव्हर न उघडता तपासता येतील अशा गोष्टी पाहाव्या, कारण बंद पडण्याची नेहमीची बरीच कारणे कव्हरच्या बाहेरच असतात. किल-स्विचची क्लिप निसटली आहे का? टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? नळीवरचा रबरी फुगा दाबल्यावर कडक होतो का? नळीचे कनेक्टर नीट बसले आहेत का? पंख्यात जाळे किंवा प्लॅस्टिक गुंतले आहे का? गिअर न्यूट्रलमध्ये आहे का?

हे सारे ठीक असेल आणि कव्हर उघडणे भागच असेल, तर एकाने कव्हर दाबून दुसऱ्याने खटका फिरवण्याचा उपाय करावा. बोट डोलत असताना मागच्या फळीवर ओणवे होऊन जोर लावणे धोक्याचे आहे; दांडी अचानक सुटली की तोल जातो. जिवाचाच प्रश्न असेल तेव्हा कव्हरचा मोह धरू नये, मात्र तशी वेळ येण्याआधी व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर किंवा भारतीय तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर मदत मागावी.

कव्हर काढून बोट चालवली तर चालते का?

बंदरात परत येण्यापुरते, आणि दुसरा पर्याय नसेल तरच. वर उघडे पडणारे फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक, मिनिटाला पाच-सहा हजार फेऱ्या घेते; लुंगीचे टोक, गमछा, जाळ्याची दोरी किंवा मोकळे केस त्यात अडकले तर हात आखडायला वेळ मिळत नाही. शिवाय इग्निशनच्या तारांना उच्च दाबाची वीज असते आणि खाऱ्या पाण्याचा एक फवारा कार्ब्युरेटरमध्ये गेला की इंजिन पुन्हा बंद पडते. चालू इंजिनावर कव्हर बसवण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये. खटका कुरकुरतो म्हणून कव्हर कायमचे घरी ठेवणारेही काहीजण असतात. त्यांचे इंजिन ओळखायला त्यावरचा पांढरा थर पुरतो.

इंजिनाला जस्ताचा तुकडा बसवलेला आहे, तरीही खटका का गंजतो?

तो तुकडा, म्हणजे ॲनोड, स्वतः झिजून बाकीच्या धातूचे रक्षण करतो, पण त्यासाठी तो आणि रक्षण करायचा भाग दोन्ही एकाच पाण्यात बुडालेले असावे लागतात. खटका पाण्याच्या वर असतो. त्याच्यापर्यंत फक्त तुषार पोहोचतात. त्यामुळे ॲनोड कितीही नवा असला तरी खटक्याला त्याचा उपयोग नाही. तिथे ग्रीस हेच संरक्षण.

इंजिन वापरात नसतानाच कव्हर का अडकते?

कोकणात हा प्रश्न नारळी पौर्णिमेच्या आसपास हमखास विचारला जातो. जूनमध्ये मासेमारीबंदी सुरू झाली की होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, इंजिने पडवीत किंवा ताडपत्रीखाली जातात, आणि हंगामाच्या तोंडावर पाहावे तर खटका हलत नाही. समुद्रात नसलेले इंजिन गंजले कसे, असे वाटते. कारण हवेत आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून घेऊन स्वतःच विरघळते, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असल्यामुळे ते त्याहूनही कमी आर्द्रतेत ओले होते. किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात हवा आठवडेच्या आठवडे याहून दमट असते. म्हणजे मे महिन्यात न धुतलेले मीठ दोन महिने अखंड ओले राहते आणि खटका या काळात एकदाही फिरत नाही.

म्हणून इंजिन ठेवण्यापूर्वी खटका, आकडा आणि कव्हरची आतली कड गोड्या पाण्याने धुऊन पुसावी. दांड्यावर जहाजी वापराचे, पाण्याने न धुपणारे ग्रीस लावावे. सीलवर मात्र हे ग्रीस नको, तिथे सिलिकॉनचे ग्रीस बोटाने पुसटसे फिरवावे. इंजिन उभे ठेवावे, म्हणजे आतले पाणी निथळून जाते. प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नये. आत दमट हवा कोंडते. झाप किंवा सैल ताडपत्री बरी. आणि पंधरवड्यातून एकदा पडवीत जाऊन खटका उघडून लावावा, कव्हर उचलून पाहावे. त्या वेळी कुंभारीण माशीने आत मातीचे घर बांधायला घेतले आहे का किंवा उंदराने तारा कुरतडल्या आहेत का, हेही दिसते.

कव्हर निघाले. लगेच परत बसवावे का?

नाही. आता दांडा आतून मोकळा दिसतो आहे, तर तो पूर्ण बाहेर काढावा. भोकातली पांढरी भुकटी नायलॉनच्या ब्रशने किंवा बारीक पॉलिश पेपरने साफ करावी, बुश झिजले असेल तर बदलावे आणि ग्रीस भरून दांडा बसवावा. तारेचा लोखंडी ब्रश ॲल्युमिनियमवर वापरू नये, त्याचे कण रुतून बसतात आणि गंजतात. सील कुठे फाटले, चपटले किंवा फुगले आहे ते पाहावे. कव्हर बसवून प्रत्येक खटका लावल्यावर ते हाताने हलवून पाहावे. हलत असेल तर हुकाची कडी झिजली आहे किंवा सील बसके झाले आहे.

थर्मोस्टॅटचे किंवा सिलिंडर हेडचे कव्हर अडकले असेल तर हेच उपाय चालतात का?

कारण तेच, पण धोका वेगळा. ही कव्हरे बोल्टांनी बसवलेली असतात आणि थर्मोस्टॅटचे बोल्ट बहुधा ६ मिलिमीटरचे असल्यामुळे पिळले की डोके हातात येते. सहा बाजूंचा नीट बसणारा सॉकेट वापरावा, बोल्टच्या डोक्यावर हातोडीने एक-दोन ठोके द्यावे, आधी किंचित आवळून मग सोडवावे. वरचे कव्हर आणि पेट्रोलच्या नळ्या पूर्ण निघाल्यावर, वास नसल्याची खात्री करून इथे हॉट-एअर गन वापरता येते. बोल्ट निघाल्यावरही झाकण चिकटून राहिले, तर ते पॅकिंगमुळे. कडेला लाकडी ठोकळा धरून आडवा ठोका द्यावा, पण दोन पृष्ठभागांच्या मध्ये छिन्नी घालू नये, कारण तिथे पडलेल्या खाचेतून पुढे पाणी गळते. बोल्ट फिरताना रबर पिळल्यासारखा मऊ लागला, तर तो तुटण्याच्या बेतात आहे असे समजून तिथेच थांबावे आणि मेकॅनिकला बोलवावे.